दूध संस्थेचं बिल फॉक्सप्रोवरून पोस्टग्रेसवर: कामाच्या नोंदी

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था. सभासद चारशेच्या आत, रोज सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. जुनं सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या जुन्या डेटाबेस-प्रोग्राममधलं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच थांबवला. लिहिणाऱ्याचा फोन लागत नाही, सोर्स कोड कुणाकडेच नाही. ते सगळं पोस्टग्रेस १६ या मोफत डेटाबेसवर न्यायचं, पुढे नोड-जेएसचं (जावास्क्रिप्टमधलं) छोटं अ‍ॅप, भाड्याचा एक सर्व्हर.

सेक्रेटरींशी बोलून अट एकच ठरली. प्रत्येक खात्याचं जुनं आणि नवं बिल पैशाला पैसा जुळल्याशिवाय जुना कॉम्प्युटर बंद करायचा नाही. एकूण बेरीज जुळली तर ती मी जुळली म्हणून धरत नाही. का, ते २१ जूनच्या नोंदीत आहे.

४ मे २०२४

डीबीएफ फाइली (फॉक्सप्रोची टेबलं) एका मोफत कन्व्हर्टरने सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुरात, काढल्या. सभासदांच्या टेबलात जुन्या स्क्रीनवर दिसतात त्याहून शंभरावर जास्त नावं निघाली. यादी सेक्रेटरींपुढे ठेवली. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचली. "ह्यो तर वारला की ओ, दोन साल झाली. आन् ह्यो म्हशी इकून पुण्याला गेलाय."

डीबीएफमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते जागचं हलत नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या पहिल्या बाइटमध्ये स्पेस असते, डिलीट केल्यावर तिथे तारा येतो, इतकंच. 'पॅक' चालवलं तरच ते फाइलमधून जातं, आणि इथे पॅक कुणी कधी चालवलेलं दिसत नाही. जुना प्रोग्राम तारा बघून रेकॉर्ड लपवत होता, कन्व्हर्टर बघत नव्हता. शेवटी पायथनमध्ये स्वतःच वाचणारा कोड लिहिला. फॉरमॅट साधा आहे, अर्ध्या दिवसात झालं.

डिलीट झालेले सभासद टाकून देऊ नका. जुनी बिलं त्यांच्याकडे बोट दाखवतात, फॉरेन की (बिलातला सभासद सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे हा नियम) लावायला गेलं की लगेच अडतं. वर खातं मोकळं झालं की तोच नंबर नव्या सभासदाला द्यायची इथली पद्धत. २१२ नंबरचे तीन मालक निघाले. म्हणून खाते क्रमांक प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, होऊ शकत नाही. आयडी वेगळा ठेवला आणि खाते क्रमांकावर फक्त चालू सभासदांपुरता युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा येऊ न देणारा) टाकला. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्सला 'व्हेअर', म्हणजे अट, लावता येतं, त्याचा इथे चांगला उपयोग झाला.

१० मे

नावं युनिकोडमध्ये नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, म्हणजे फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. बरोबर फॉन्ट लावला तरच मराठी दिसतं. अक्षराला अक्षर असा तक्ता करून बदलल्यावर हे हाती आलं: शिंदेचं 'िशंदे', सूर्यवंशीचं 'सूयर्वंशी', धर्माधिकारीचं 'धमार्िधकारी'.

कारण जुना फॉन्ट दिसतं त्या क्रमाने अक्षरं साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते आधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. रफार दिसतो शेवटी, पण 'र्' आधी हवा. वेलांटी पुढच्या एका अक्षरामागे ढकलून भागत नाही, पूर्ण जोडाक्षर ओलांडावं लागतं, नाहीतर 'स्थिती'सारखे शब्द मोडतात. रफारही काना-मात्रा ओलांडून मागे न्यायचा. नियम लागले ते एवढेच, पण कुठला आधी चालवायचा यात शनिवार-रविवार गेला. आधी अक्षरं बदला, मग वेलांटी, मग रफार. या क्रमाने माझ्याकडच्या डेटाचं जमलं.

तपासायची सोपी युक्ती: बदललेल्या डेटात शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, वेलांटी किंवा हलंत आहे का ते शोधा. मराठीत असा शब्द असूच शकत नाही. सापडला तर नियम चुकलाय.

१८ मे

'कुऱ्हाडे' शोधलं तर निम्मेच कुऱ्हाडे सापडले. स्क्रीनवर सगळे सारखे. आत बाइट बघितले तर दोन प्रकार: काहींत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, काहींत साधा 'र', हलंत आणि वर न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर. पहिला प्रकार माझ्या कन्व्हर्जनमधून आलेला, दुसरा ऑपरेटरच्या कीबोर्डवरून चाचणीच्या नोंदी करताना. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या पोस्टग्रेसच्या नॉर्मलाइझ फंक्शनवर भिस्त ठेवली होती. ते 'र' आणि खालचा नुक्ता एकत्र करून 'ऱ' करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं एक नाहीतच. त्यासाठी स्वतःचा रिप्लेस लिहून तो ट्रिगरमध्ये (टेबलात नोंद होताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाकला. अ‍ॅपमध्ये नको, कारण उद्या कुणीतरी थेट टेबलात नाव भरणार.

२५ मे

दरपत्रक. फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर ठरतो. म्हशीचं ६.० आणि ९.०, गाईचं ३.५ आणि ८.५ हे पायाचे आकडे, तिथून पॉइंटाला वाढ-घट. टेबल भरलं, दर शोधला, तर ६.० आणि ६.५ फॅटला दर मिळतो, ६.१ ला नाही. ६.२ ला नाही. ७.० ला परत मिळतो!

फॅटचा कॉलम 'रिअल' प्रकारचा, म्हणजे आकडा बायनरीत अंदाजे साठवणारा, झाला होता. बायनरीत ६.० आणि ६.५ नेमके बसतात, ६.१ बसत नाही. रिअलमधला ६.१ म्हणजे खरं तर ६.०९९९९९ आणि काही, आणि तुलना करताना पोस्टग्रेस दोन्ही बाजू डबल प्रिसिजनमध्ये नेतं, तिथे क्वेरीतला ६.१ त्याच्याशी जुळत नाही. एरर येत नाही, ओळ येत नाही. सगळे कॉलम न्यूमरिक (दशांश नेमके साठवणारा प्रकार) केले: फॅट, एसएनएफ, लिटर, दर, रक्कम. या कामात फ्लोटला (रिअल, डबल प्रिसिजन) कुठेच जागा नाही.

दर बदलला की नवं दरपत्रक येतं, म्हणून प्रत्येकाला लागू तारखांची डेटरेंज (कधीपासून कधीपर्यंत) दिली आणि दोन पत्रकांच्या तारखा एकमेकींवर चढू नयेत म्हणून एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट लावला. त्यात दुधाच्या प्रकारासारखा साधा कॉलमही जुळवायचा असेल तर बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन लागतं. कन्स्ट्रेंट लावताक्षणीच २०२२ मधली दोन पत्रकं आठवडाभर एकमेकांवर चढलेली सापडली. त्या आठवड्याचं बिल कुठल्या दराने गेलं ते आता कोण सांगणार. पण लागू झालेला दर आता प्रत्येक संकलनाच्या ओळीतच लिहून ठेवतो, दरपत्रकातून परत काढत नाही.

१ जून

एप्रिलची जुनी बिलं नव्या डेटावरून काढून पाहिली. जवळजवळ प्रत्येक खात्यात तीन पैसे, पाच पैसे, कधी सात पैसे फरक. दहा पैशांच्या वर एकही नाही.

दहा पैसे ही मर्यादाच उत्तर सांगते. दहा दिवसांत वीस संकलनं, प्रत्येकी जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा फरक. जुना प्रोग्राम प्रत्येक संकलनाची रक्कम पैशापर्यंत पूर्ण करून मग बेरीज करतो, माझी क्वेरी बेरीज करून शेवटी पूर्ण करत होती. उदाहरण घ्या. ४.७ लिटर, दर ४८.३५, गुणाकार २२७.२४५. न्यूमरिकवर राउंड केलं की २२७.२५, दर वेळी. हाच हिशेब डबल प्रिसिजनमध्ये केला असता तर तो शेवटचा ५ नेमका साठवलाच जात नाही, आणि उत्तर .२४ येईल की .२५ हे नशिबावर. रक्कम हा आता जनरेटेड कॉलम आहे, डेटाबेस स्वतःच काढतो: लिटर गुणिले दर, दोन दशांशांपर्यंत. फरक शून्यावर आला.

सात पैशांसाठी एवढं कशाला, असं एका मित्राने विचारलं. सभासद पावतीवरची प्रत्येक ओळ घरी मुलाकडून मोबाइलवर जुळवून घेतो, म्हणून.

७ जून

कपाती. पशुखाद्य, उचल, शेअर्स, पतसंस्थेचा हप्ता. बिलातून या वजा होतात. ज्यांना एकच कपात त्यांचं बिल अचूक. दोन किंवा जास्त असतील तर निव्वळ रकमेच्या जागी 'नॅन' (नॉट अ नंबर).

नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर न्यूमरिक आकडे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून देतो. त्यामागे कारण आहे, जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये मोठे दशांश हरवतात. पण बेरजेच्या लूपमध्ये शून्य अधिक '१५०.००' म्हणजे '०१५०.००' ही स्ट्रिंग झाली. एकच कपात असेल तर पुढच्या वजाबाकीत तिचा परत नंबर होतो आणि उत्तर बरोबर येतं. दुसरी कपात '७५.००' जोडली की '०१५०.००७५.००', याचा नंबर होत नाही. चाचणीसाठी मी घेतलेल्या खात्यांना नेमकी एकच कपात होती.

पार्स-फ्लोटने (स्ट्रिंगचा फ्लोट करून) हे दाबता येतं. ते केलं नाही, फ्लोट नको म्हटलंय ना. बेरीज पूर्णपणे एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीत, नेली.

८ जून

बेरीज एसक्यूएलमध्ये नेली आणि काही सभासदांचं दूध तिप्पट झालं. सेक्रेटरींचा फोन: "काय ओ, एवढं दूध गावात असतं तर म्या ही नोकरी केली असती व्हय?"

सभासद, संकलन आणि कपात अशी तीन टेबलं एकाच क्वेरीत जोडली होती. वीस संकलनं आणि तीन कपाती असलेल्या खात्याच्या साठ ओळी होतात. त्यांची बेरीज घेतली की दूध तीन पट आणि कपात वीस पट. ग्रुप बाय असल्यामुळे बाहेर एकच ओळ दिसते, आत काय झालंय ते कळत नाही. काही जण इथे सममध्ये (बेरजेत) डिस्टिंक्ट, म्हणजे सारखी रक्कम एकदाच धरा, घालून मोकळे होतात. तसं करू नका, दोन वेळचं दूध योगायोगाने सारख्याच रकमेचं असेल तर एक वेळ गायब होते, आणि दोन लिटरवाल्या छोट्या सभासदांत असा योगायोग रोज असतो.

संकलनाची बेरीज आधी खातेवार वेगळी, कपातीची वेगळी, प्रत्येकात खात्याला एकच ओळ, मग दोन्ही जोडायच्या. जाता जाता वेगही सुटला. आधी अ‍ॅप प्रत्येक सभासदासाठी तीन-चार क्वेऱ्या पाठवत होतं. संस्थेच्या नेटवरून एका फेरीला ३५ मिलिसेकंद धरले तरी सगळी बिलं निघायला मिनिटभर लागायचं. आता एक क्वेरी, सेकंदाच्या आत.

९ जून

ताळा (जुन्या-नव्या बिलांची तुलना) शून्य फरक दाखवतोय. बिलं छापली, तर पन्नासेक सभासदांच्या पावतीवर निव्वळ रकमेची जागा कोरी.

ज्यांना एकही कपात नाही ते हे सभासद. लेफ्ट जॉइनमध्ये त्यांच्या कपातीच्या जागी नल (काहीच नाही) येतो, आणि दुधाच्या रकमेतून नल वजा केला की उत्तर नल. यावर कोअलेस (नलच्या जागी शून्य धरणं) हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. पण ताळ्याने हे पकडलं का नाही? ताळ्याची क्वेरी जुनी रक्कम 'नॉट इक्वल' नवी रक्कम अशी होती. एका बाजूला नल असेल तर त्या तुलनेचं उत्तर खरं नाही आणि खोटंही नाही, नलच, म्हणून ती ओळ यादीत येतच नाही. सगळ्यात मोठा फरक असलेली खाती ताळ्यातून निसटत होती.

'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरलं, ते नलही वेगळा म्हणून पकडतं, आणि साध्या जॉइनऐवजी फुल आउटर जॉइन, म्हणजे एकाच बाजूला असलेली खातीही दिसतात. या सगळ्या नोंदींतलं एकच काही उचलायचं असेल तर ताळ्याची ही क्वेरी उचला.

२१ जून

११ ते २० जून हे पहिलं प्रत्यक्ष समांतर बिल. ऑपरेटरने दहा दिवस दोन्हीकडे नोंदी केल्या, त्याचे जादा पैसे संस्थेने दिले. आज सकाळचं संकलन उरकल्यावर ताळा काढला. एकूण लिटरमध्ये फरक जेमतेम तीन-चार. खातेवार पाहिलं तर चाळीसेक खाती चुकलेली, कुणाचं पाऊण लिटर जास्त, कुणाचं अर्धा लिटर कमी, आणि एकाचं तर अख्ख्या वेळचं दूध गायब.

खाती वेगवेगळ्या वाड्यांवरची, दर वेगळे, गाय-म्हैस दोन्ही. काही धागा लागेना. ऑपरेटरने यादी बघितली आणि म्हणाला, "ही समदी पहिल्या लायनीतली माणसं हाईत."

संकलन पहाटे पाचला सुरू होतं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे. भारतातले पहाटे ५:०० म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ११:३०. संकलनाची वेळ टाइमस्टँप म्हणून साठवून बिलाच्या क्वेरीत तिची तारीख काढत होतो, त्यामुळे साडेपाचच्या आत आलेलं सगळं दूध आदल्या दिवसावर पडत होतं. ११ तारखेचं पहाटेचं दूध १० तारखेला गेलं, बिलाबाहेर. २१ तारखेचं पहाटेचं दूध २० ला आलं, बिलात. तीच माणसं, साधारण तेवढंच दूध, म्हणून एकूण बेरीज जवळपास जुळते. ज्याचं पूर्ण गायब झालं तो आज पहाटे आलाच नव्हता, म्हैस आटली म्हणे.

सर्व्हरचा टाइमझोन बदलून हे मिटतं, पण तो सर्व्हर बदलेपर्यंत. मी संकलनाची तारीख हा वेगळा डेट कॉलम केला, सोबत सत्र, सकाळ किंवा संध्याकाळ. नोंद कधी झाली तो टाइमस्टँप टाइमझोनसकट वेगळा. जुन्या ओळी 'अ‍ॅट टाइम झोन' एशिया/कोलकाता लावून दुरुस्त केल्या. तारीख वेगळी झाल्यावर सभासद, तारीख, सत्र आणि दुधाचा प्रकार यांवर युनिक कन्स्ट्रेंटही लावता आला. नेट मंद असलं की ऑपरेटर सेव्हचं बटण दोनदा दाबतो, तो त्रास गेला.

२९ जून

पावती क्रमांक. लेखापरीक्षकांना मधला नंबर गेलेला चालत नाही. पोस्टग्रेसची सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारी सोय) ट्रान्झॅक्शन, म्हणजे अख्खी नोंद, मागे घेतलं तरी नंबर परत देत नाही, आणि कन्स्ट्रेंटवर आपटलेली प्रत्येक नोंद एक नंबर खाऊन जाते. मॅक्स अधिक एक केलं तर दोन खिडक्यांवर एकाच वेळी तोच नंबर निघतो. आर्थिक वर्षाला एक ओळ असलेलं छोटं टेबल केलं. पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ अपडेट करून रिटर्निंगने नंबर घ्यायचा. दुसरी खिडकी तेवढा वेळ थांबते. दिवसाला शे-दोनशे पावत्यांना हे खुशाल चालतं. फक्त पावत्यांना, बाकी सगळीकडे सीक्वेन्सच.

३ जुलै

बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल आहे. प्रत्येक शून्य बाइटची.

बॅकअप घरच्या उबंटू २२.०४ मशीनवरून घेतो. त्यात पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) १४ येतं. आपल्याहून नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घ्यायला ते नकार देतं, पण शेलने फाइल तोपर्यंत तयार केलेली असते, आणि क्रॉनची (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) एरर मेल कुठेच जात नव्हती. १६ चं पीजी-डंप टाकलं. स्क्रिप्ट आता फाइल दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करते आणि संकलनाच्या ओळी मोजून फोनवर आकडा पाठवते. पहिल्याच रिस्टोअरला रोल नसल्याच्या एरर आल्या. पीजी-डंप युजर आणि रोल घेत नाही, ते पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावे लागतात.

११ जुलै

२१ ते ३० जूनचं बिल शून्य फरकाने जुळलं. १ ते १० जुलैच्या बिलात एकच खातं राहिलं, १४ रुपये ४० पैसे.

नव्यात काही सापडेना, म्हणून जुन्यातली ओळ उघडली. ६ तारखेची संध्याकाळ, म्हैस, ८ लिटर. ऑपरेटरने फॅट आधी ६.४ टाकला होता, नंतर दुरुस्त करून ६.७ केला. जुन्या प्रोग्रामने फॅट बदलला, दर आणि रक्कम ६.४ चीच ठेवली. दरातला फरक १.८० रुपये, गुणिले आठ. नव्यात फॅट किंवा एसएनएफ बदलला की ट्रिगर दर परत शोधतो, आणि रक्कम जनरेटेड असल्यामुळे आपोआप बदलते. म्हणजे चुकलंय ते जुनं.

सेक्रेटरींनी फरक पुढच्या बिलात द्यायचं लगेच मान्य केलं. मग विचारलं, हे आधीपासून असंच होत असेल काय. होत असणार. ओळीतला फॅट, त्या दिवशीचं दरपत्रक आणि दिलेली रक्कम यांचा मेळ घालणारी क्वेरी लिहून ठेवलीय, सगळ्या जुन्या वर्षांसाठी, वाढीव गेलेले आणि कमी गेलेले दोन्ही रकाने. चालवायची की नाही ते संचालक मंडळाच्या बैठकीत ठरेल. तोवर जुना कॉम्प्युटर तसाच ठेवलाय.